सरळ केलेले एकसष्ट चष्मे

ते चष्म्याचा वास घ्यायचे. गिऱ्हाइकाने जुना चष्मा काउंटरवर ठेवला की तो उचलायचा, काडी अंगठ्याने खसाखसा घासायची, नाकाशी न्यायची आणि निकाल द्यायचा. समोरचा माणूस बिचारा नंबर काढायला आलेला असायचा. आपण चुकून अत्तराच्या दुकानात शिरलो की काय, असा त्याचा चेहरा व्हायचा.

"कापूर," ते म्हणायचे. म्हणजे जुनं, भडकन पेटणारं सेल्युलॉइड, बहुतेक आजोबांचं. "देवघरात घालून बसू नका. निरांजनाची ठिणगी उडाली तर देवाची राहील आणि तुमचीच आरती होईल." केस जळल्याचा वास आला तर म्हशीचं शिंग. किंचित आंबूस आला की ॲसिटेट, आणि तेव्हा त्यांचा चेहरा नातेवाईक भेटल्यासारखा खुलायचा. यातलं काहीच नसेल तर मात्र चष्मा दोन बोटांच्या चिमटीत धरून परत द्यायचे. "बादली," ते म्हणायचे. साच्यात प्लास्टिक ओतून काढलेली फ्रेम. "हा चष्मा नाही हो, बादलीचा नातू आहे. मग्गा कुठे ठेवलात?"

पनवेलच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांच्या पुढे त्यांचं दुकान होतं. ऑप्टोमेट्री शिकून बाहेर पडल्यावर माझी पहिली नोकरी तिथेच. मागच्या केबिनमध्ये मी डोळे तपासायचे आणि पुढे काउंटरवर ते लोकांची नाकं तपासायचे. चार वर्षं मी तिथे होते. आता खांदा कॉलनीत माझं स्वतःचं दुकान आहे, एसी आहे, संगणकावर नंबर काढणारं यंत्र आहे. तरी नवीन माल आला की आजूबाजूला कोणी नाही असं बघून मीही एखादी काडी घासून हुंगते. सवयीचा रोग आहे, काय करणार.

पुढच्या कपाटात इतरांसारख्या तयार फ्रेमा असायच्या, पण त्यांचा जीव होता कोपऱ्यातल्या लाकडी ठोकळ्यावर. तरुणपणी ते मुंबईत फ्रेमच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा इतरांनी हिशेब मागितला, यांनी बारीक करवत, एक अर्धगोल कानस आणि ॲसिटेटच्या पत्र्यांचा गठ्ठा मागून घेतला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ही गोष्ट सांगताना अजून कपाळाला हात लावायच्या. त्या पत्र्यांतून ते ठोकळ्यावर हाताने फ्रेम कापायचे. मधाच्या रंगाचे, कासवाच्या पाठीसारखे ठिपक्याठिपक्यांचे, काळ्यात लाल धूर शिरल्यासारखे असे ते पत्रे होते. "कापसाचं आहे हे, कापसाचं," ते प्रत्येकाला ऐकवायचे. "आजोबांचं धोतर आणि नातवाचा चष्मा, दोन्ही एका झाडाचे."

त्यांचे नमुने जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कापलेले होते. ड्रॉवर उघडला की कोणाच्या तरी बरगड्यांमधून चष्म्याचा आकार दिसायचा. प्रत्येक नमुन्याला त्यांनी दिलेलं नाव होतं. जाड, चौकोनी, काळी ती 'तलाठी'. कोपरे वर उचललेली ती 'नटी'. गोल, बारीक काडीची ती 'कम्युनिस्ट'. वर जाड पट्टी आणि खाली नुसती तार ती 'हेडमास्तर'. गिऱ्हाईक आत आलं की ते त्याच्याकडे एकदा बघून मला सांगायचे, "हा अंगाने तलाठी आहे, पण मागेल कम्युनिस्ट." आणि तसंच व्हायचं.

चष्मा बसवताना दुकानातला आरसा झाकलेला असायचा. खरंच, त्यावर नॅपकिन टाकलेला असायचा. "आरसा शेवटी. चष्मा काय आरसा घालणार आहे?" आधी गिऱ्हाइकाला खाली वाकून चप्पल शोधायला लावायचे. मग हसायला. मग रागवायला.

"कोणावर?"

"घरी ज्यांच्यावर रागवता त्यांच्यावर."

एकदा एका शांत स्वभावाच्या शिक्षिकाबाईंनी, मी कोणावरच रागवत नाही, असं सांगितलं. "मग चष्मा पडेल," ते म्हणाले. "रागावल्यावर नाक फुगतं. फुगलेलं नाक मला मोजू द्याल की नाही?" दहा मिनिटं ते तेच तेच विचारत राहिले, तेव्हा कुठे बाईंचा पारा चढला. यांनी लगेच दोन्ही बोटं बाईंच्या नाकाच्या बाजूंना लावली आणि म्हणाले, "हां! आता हलू नका."

फ्रेम मऊ करायला बाकीचे लोक गरम हवेचं यंत्र वापरतात. यांच्याकडे मिठाची परात होती. खाली शेगडी, वर परात, परातीत जाडं मीठ. तापलेल्या मिठात काडी खुपसायची, मऊ झाली की वाकवायची. मीठ आणून द्यायची बाजारात सुकी मासळी विकणारी एक मावशी, उरणकडची, आगरी. तिच्या माहेरची मिठागरं होती. मिठाच्या बदल्यात तिने एकदाच काय ते मागितलं.

"शेट, मना पन एक चश्मा करून द्या. ती नटीवाली."

"मावशी, नटीच? बाजारात बसता तुम्ही."

"मंग? गिराईक आदी माजा चश्मा बगल, मंग बोंबील बगल. तुमी करा."

काळ्यात लाल धूर शिरलेल्या पत्र्याची नटी त्यांनी तिला करून दिली. ती घालून मावशी सुकटीच्या ढिगामागे बसली की कोणाची भाव करायची हिंमत होत नसे.

आता दोष सांगते. ते पक्के हट्टी होते आणि चूक कधी त्यांची नसायची. माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांनी दुकानात दोन नवीन ट्यूबलाइट लावल्या, मग तिसरी. वीज कंपनीने दिव्यातला दम काढून घेतला आहे असं त्यांचं मत होतं. पत्रे बनवणारे आता रंगात पाणी घालतात, असंही होतं. बिजागरीतला बारीक स्क्रू हातात घेऊन मला म्हणायचे, "खाच कुठे आहे सांग बघू. तुझी परीक्षा." मी खाच दाखवायचे आणि पास व्हायचे. आपण रोज पास होतोय म्हणजे समोरचा नापास होतोय, हे माझ्यासारख्या डोळे तपासणाऱ्या बाईला कळू नये, याची मला आजही लाज वाटते. त्याच दिवसांत ते स्कूटरवरून घरी जायचे. ती स्कूटर ते आवाजाच्या अंदाजाने चालवत होते हे मला मागाहून कळलं.

चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुंबईहून एक डिझायनर मुलगी आली. इंटरनेटवर चष्म्याच्या फ्रेमा विकायची, रेट्रो. हा शब्द ती श्वास घेतल्यासारखा वापरायची. एक्स-रेचा ड्रॉवर उघडल्यावर तिने आनंदाने किंकाळीच फोडली.

"अंकल, हे सगळं ओरिजिनल व्हिंटेज आहे! तुम्हाला कल्पना आहे का?"

"ही तलाठी आहे," ते म्हणाले.

"आय लव्ह तलाठी!"

पनवेलच्या इतिहासात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं. तिने वीस फ्रेमांची ऑर्डर दिली, दहा तलाठी, दहा नटी, आणि त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढून नेला. ती गेल्यावर ते मला म्हणाले, "विकत घेताना जुनं, विकताना रेट्रो. चालायचंच." पण खूश होते. कारखाना सुटल्यापासून कोणी त्यांना एकदम वीस फ्रेमा मागितल्या नव्हत्या. श्रावणभर ते ठोकळ्यावर वाकलेले असायचे आणि ॲसिटेटचा भुसा त्यांच्या भुवयांवर बसलेला असायचा.

नवरात्राच्या आधी पार्सल परत आलं. सोबत मेसेज होता, अगदी सभ्य. अंकल, काम फार सुंदर आहे, पण सगळे पीसेस टेबलवर ठेवले की डुगडुगतात, आणि काही नट्यांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे.

मी मेसेज वाचून दाखवला. त्यांनी हातावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "तिचं टेबल वाकडं असेल. मुंबईतली जमीन भरावाची आहे. टेबल सरळ राहणार कसं?"

मी पार्सल उघडलं. आमच्याकडे सपाट जाड काचेचा एक तुकडा असतो. चष्मा त्यावर उलटा ठेवायचा, चारही टोकं टेकली पाहिजेत. मी एक तलाठी ठेवली. टक. बोट लावलं. टक. वीसच्या वीस. मी त्यांना काही बोलले नाही, पार्सल तसंच बांधून माळ्यावर टाकलं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा ट्यूबलाइटींचा अर्थ लागला.

"काका, एकदा बसा ना खुर्चीत. तपासते."

"खंडेनवमीला. ठरलेलं आहे ते."

हा त्यांचा नेम होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. करवत, कानस, काच घासायचं यंत्र, माझी लेन्सची पेटी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. मग ते स्वतः केबिनमधल्या खुर्चीत बसायचे आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर तक्ता वाचायचे, वरच्या मोठ्या अक्षरापासून तळच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत. आमची केबिन लांबीला लहान, त्यामुळे तक्ता बसणाऱ्याच्या डोक्यामागे लावलेला आणि समोर आरसा. अक्षरं उलटी छापलेली, आरशात सुलटी दिसायची. तो तक्ता त्यांनी स्वतः टांगला होता, माझ्या जन्माच्या आधी. दरवर्षी ते शेवटची ओळ वाचून उठायचे आणि जाहीर करायचे, "सहा-सहा!" म्हणजे नजर अगदी धडधाकट. मग पेढे.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी तक्ता बदलला. कागद पिवळा पडला होता हे खरं आहे. पण मी तेवढ्यासाठी बदलला नाही, हेही खरं आहे. नवीन तक्त्यावर अक्षरं वेगळी होती. जुना गुंडाळून मी टेबलाखाली ठेवला आणि चोरासारखी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काकू पेढे घेऊन आल्या. मावशी मिठाची पिशवी घेऊन आली होती, ती पूजेला थांबली. ते नवीन सदरा घालून खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवले, आरशाकडे पाहिलं आणि सुरू झाले.

एकही अक्षर अडखळलं नाही. पहिली ओळ, दुसरी, पाचवी. तळच्या ओळीला तर त्यांनी आवाज चढवला. सगळी अक्षरं बरोबर होती, क्रमाने होती, फक्त तो तक्ता भिंतीवर नव्हता. ते माझ्या टेबलाखाली गुंडाळून ठेवलेला कागद वाचत होते.

"सहा-सहा!"

"बघ गं," काकू मला अभिमानाने म्हणाल्या, "या वयात!" मावशीने बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली. मी तोंडात पेढा कोंबला, म्हणजे बोलावं लागू नये.

त्या दोघी गेल्यावर मी टेबलाखालचा कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. "काका, तुम्ही आत्ता वाचलात तो तक्ता हा. मी काल काढून ठेवला."

त्यांनी तो उलगडला नाही. हाताने वरखाली चाचपला. वरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक होतं, त्यांनीच पाडलेलं, तिथे त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, आता चिडतील. चिडायला हवं होतं. पण त्यांनी मान वर करून आरशाकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मग भिंतीवर काय लिहिलंय?"

मला रडू आलं. मी त्यांना पहिलं अक्षर सांगितलं, सगळ्यांत मोठं, तळहाताएवढं. ते त्यांना दिसत नव्हतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. ऑपरेशन म्हणजे सोपी गोष्ट होती, दोन वर्षांपूर्वीच होऊन गेली असती. "डोळे गेले असं कळलं असतं," ते मला म्हणाले, "तर कोणी माझ्या हातात नाक दिलं असतं का?" ऑपरेशनलाही ते सुखासुखी तयार झाले नाहीत. आधी त्यांनी सर्जनचे हात मागितले. भर ओपीडीत त्या डॉक्टरांची बोटं एकेक दाबून, वाकवून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बोटं बरी आहेत." डॉक्टर सज्जन होते, हसले.

एक डोळा झाला, महिन्याने दुसरा. पट्टी निघाल्यावर पहिले चार दिवस ते फक्त रंग बघत फिरत होते. निळा त्यांना विशेष सापडला, कारण मोतीबिंदू आधी तोच खातो. दुकानात आल्यावर त्यांनी काळ्या पत्र्याचा उरलेला तुकडा खिडकीशी नेला आणि उलटसुलट करून पाहिला. तो जांभळा होता. त्याची हेडमास्तर त्यांनी एका निवृत्त अधिकाऱ्यांना दिली होती आणि ते गृहस्थ वर्षभर तो जांभळा चष्मा लावून गावातल्या प्रत्येक श्रद्धांजली सभेत बोलत होते. यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता त्यांनी विचारलं, "ते मुंबईचं पार्सल कुठे आहे?"

मी माळ्यावरून काढून दिलं. नाही द्यायला हवं होतं.

त्यांनी एकेक फ्रेम काचेवर ठेवली. टक. टक. वीस वेळा. मग ते ठोकळ्यावरच्या अर्धगोल कानशीवरून हात फिरवत बसले. "तिचं टेबल सरळ होतं," ते म्हणाले. आणि मग, "दोन वर्षं मी गावाला वाकडं करत होतो."

मी समजूत घालायला गेले, तर म्हणाले, यादी कर. दोन वर्षांत हाताने केलेला प्रत्येक चष्मा परत मागवायचा, सरळ करायचा आणि मग ठोकळा बंद. पुढे फक्त तयार माल विकायचा. कानस माझ्या हातात दिली, "ही भंगारवाल्याला दे." त्या दिवशीच त्यांनी फूटपाथवरून जवळचं वाचायचा एक चष्मा आणला आणि स्वतःच्या नाकावर चढवला. बादलीचा नातू. मला तो बघवेना, पण बोलायची सोय नव्हती.

यादी मी केली. एकसष्ट नावं निघाली. त्यांतल्या एकाचीही तक्रार कधी आली नव्हती, हे मला लिहिता लिहिता दिसायला हवं होतं. डोळे तपासणं हाच माझा धंदा. नाही दिसलं.

मग सुरू झाली वसुली. फोन करायचे, "चष्मा घेऊन या, चूक झालीय." लोक म्हणायचे, "कोणाची?" "माझी," असं ते सांगायचे तेव्हा ऐकणाऱ्याला वाटायचं, राँग नंबर. जो येणार नाही त्याच्याकडे स्कूटरवरून जायचे, आता डोळ्यांनी चालवत. जवळच्या कोन गावातल्या एका बिल्डरसाहेबांकडे आम्ही गेलो तर दारात मांडव, मुलीची हळद, दुपारची वेळ, बॅन्जोवाले वाद्यं जुळवतायत. वधूपिता तलाठी लावून पाहुण्यांना पाणी विचारत होते. यांनी सरळ पुढे होऊन त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला.

"ओ शेट! मना दिसत नाय, पावने हायत!"

"पाच मिनिटं."

मिठाची परात कुठून आणणार? आतल्या खोलीत ब्यूटीपार्लरवाली नवरीचे केस वाळवत होती. तिचा ड्रायर त्यांनी मागून घेतला, खिडकीच्या काचेवर चष्मा टेकवून काडी सरळ केली आणि वधूपित्याच्या नाकावर परत चढवला. "आता बरोबर." तोवर त्या गृहस्थांनी बिनचष्म्याने दोनदा व्याह्यांऐवजी बॅन्जोवाल्याला मिठी मारली होती. जेवल्याशिवाय मात्र आम्हाला सोडलं नाही.

एकसष्ट झाले. प्रत्येक चष्मा काचेवर चारही टोकं टेकून शांत बसत होता. ठोकळ्यावर त्यांनी जुनी चादर टाकली. मिठाची परात तयार फ्रेमांपुरती चालू राहिली. दुकान नीट चाललं होतं, पण गिऱ्हाइकाला रागवायला कोणी सांगेना. वास घेणं बंद झालं. कोणी आत आलं तर ते बादलीच्या नातवाच्या वरून बघून एवढंच विचारायचे, "कुठली दाखवू?" मी त्या दिवसांत नोकरी सोडायचा विचार करत होते. तेवढं मला बघवत नव्हतं.

आठवड्याभराने मावशी आली. टोपली दारात ठेवली, नटी काढून काउंटरवर आपटली.

"शेट, मना परत वाकरा करून द्या."

"काय?"

"चश्मा. वाकरा. पयला होता तसा. तुमी नीट केला तवापासून कान दुकतंय, नाकावरून घसरतंय. काल सुकटीत परला."

त्यांनी तो काचेवर ठेवला. चारही टोकं टेकली. "मावशी, हे बघा. एका रेषेत आहे."

मावशीने काचेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "काचंला कान हायत का?"

तेवढ्यात फोन वाजला, कोनचे बिल्डरसाहेब. मुलीचं लग्न पार पडलं, छान झालं, पण तलाठी एका कानाला टोचतोय. दुपारी शिक्षिकाबाई आल्या आणि आल्या त्याच रागावून आल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. त्या दोन वर्षांत दिसत नव्हतं म्हणून ते काचेकडे बघतच नव्हते. बोटांनी कान शोधायचे, बोटांनी नाक शोधायचे आणि चष्मा त्या माणसावर बसवायचे. माणसाचे दोन कान कुठे एका रेषेत असतात? मुंबईच्या वीस फ्रेमा वाकड्या झाल्या, कारण त्यांना नाकच नव्हतं. हे मी त्यांना भराभर सांगितलं, जरा ओरडूनच. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं असं चेहऱ्यावर दिसेना. इतके दिवस त्यांनी स्वतःला दोषी धरलं होतं, आता एकदम सोडून कसं द्यायचं?

"बसा मावशी," ते शेवटी म्हणाले.

मावशी स्टुलावर बसली. त्यांनी काडी मिठात खुपसली, मऊ केली, तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून वाकवली. घातली. "नाय," मावशी म्हणाली. परत मिठात. परत निरखलं, एक पाऊल मागे जाऊन, मान तिरकी करून. "नाय. आता दुसऱ्या कानाला." तिसऱ्यांदाही नाय. त्यांच्या कपाळावर घाम आला. आज जमलं नाही तर हा माणूस पुन्हा कधी चादर काढणार नाही, हे मला कळत होतं.

मग त्यांनी नाकावरचा तो फूटपाथचा चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटून घेतले. दोन्ही हात मावशीच्या चेहऱ्याशी नेले. अंगठे नाकाच्या बाजूंवर, बोटं कानांमागे. बोटं सावकाश खाली उतरली, थांबली, परत वर गेली. मावशीने डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं.

"झोपला का काय गो?" तिने हळूच विचारलं.

"हलू नका," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच. "डावा कान एक सूत वर आहे. नाक उजवीकडे झुकतंय. इथे मी उगाच सरळपणा केला."

काडी वाकवली, घातली. मावशी 'नाय' म्हणाली नाही. तिने मान झटकली, चष्मा जागचा हलला नाही.

"नाकाशी थोडं अजून खाली उतरवायला लागेल," ते पुटपुटले आणि डोळे न उघडता माझ्या दिशेने हात पुढे केला. "कानस दे गं." मग त्यांना आठवलं असावं, कारण हात तसाच हवेत राहिला आणि चेहरा उतरला.

मी पर्स उघडली. डबा आणि कंगवा बाजूला केला आणि कानस त्यांच्या हातात ठेवली. भंगारवाला रोज दारावरून जात होता, पण मी त्याला एकदाही हाक मारली नव्हती.